लिंबाच्या वासाची बाटली

माझ्या मेहुणीनं आमच्या घरात कधीही चोरी केली नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षं लागली.

बायकोचा भाऊ मस्कतला होता. एकदा सुट्टीवर येताना त्यानं माझ्या बायकोसाठी सेंटची बाटली आणली. लिंबाच्या आणि संत्र्याच्या सालीचा वास, अगदी हलका. आमच्याकडं अत्तर म्हणजे लग्नात, मांडवाच्या दारात हाताच्या पालथ्या बाजूला लावतात ते. रोज वास लावून कामाला जाणारी बाई गल्लीत दुसरी नव्हती. ही मात्र सकाळी मनगटाला एक थेंब लावून कबनूरच्या शाळेला एसटीनं निघायची.

"एवढं कुणासाठी?" मी एकदा विचारलं.

"माझ्यासाठी. गाडीत उभी असते तेव्हा दांडी धरलेली असते, मनगट नाकाजवळ येतं. मधल्या सुट्टीपर्यंत वास उडून जातो. तेवढाच बास होतो मला."

मला ते पटलंही होतं. पण एक दिवस तिला स्टँडवर सोडून मी कचेरीत आलो, तर शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "काय राव, वैनी रोज लग्नाला जात्यात व्हय? सगळा स्टँड घमघमतोय की." सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर फळीवरची बाटली उचलून मी माझ्या कचेरीच्या पिशवीत टाकली. चार दिवसांत तिची सवय सुटेल, मग परत ठेवू, असा माझा विचार.

तिची धाकटी बहीण तेव्हा कुरुंदवाडहून डी.एड. करायला आमच्याकडं राहत होती. संध्याकाळी बायकोनं सगळी फळी उपसली आणि तिला म्हणाली, "हवी होती तर मागायचीस. मी नाही म्हटलं असतं का?"

पोरीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि भाकरी थापायला बसली. मी वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे तोंडासमोर धरलं होतं. त्या वेळी एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं. पुढं तो रोज जड होत गेला. महिन्याभरात ती वसतिगृहात राहायला गेली. सणावाराला यायची, पण मुक्काम कधी केला नाही.

बाटली कचेरीच्या खणातच राहिली. निवृत्त होताना खण रिकामा केला तेव्हा झाकण काढून बघितलं. लिंबू गेलं होतं, खवट तेलासारखं काहीतरी उरलं होतं. तीच बाटली घेऊन मी कुरुंदवाडला मेहुणीकडं गेलो. ती आता तिथल्या शाळेत बाई झाली होती.

"दाजी, मला ठावं हुतं की," ती म्हणाली. "आक्का लवकर जायची, तुमचा डबा मीच पिशवीत ठेवायची. त्या सकाळी पिशवी उघडली, तर लिंबाचा वास."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलशिला म्हणून वाट बघितली. मग म्हटलं, माझ्यापायी तुमच्यात भांडण नको. पण आक्काला तेवढं सांगा आता. चहा घ्या, गार हुतोय."

घरी आलो आणि तरीही सांगितलं नाही. आणखी कितीतरी वर्षं गेली.

परवा इथवर लिहून झाल्यावर हा कागद आधी बायकोच्या हातात दिला. तिनं दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला. दोन दिवस माझं ताट वाढलं, पण स्वतः आत ओट्यापाशी जेवली. तिसऱ्या दिवशी बहिणीला फोन लावला. आधी गुडघेदुखी झाली, मग भाचीचं बाळंतपण. मग म्हणाली, "माझं चुकलं गं." नंतर दोघी कशावरून तरी हसायला लागल्या. मी उठून चहाचं आधण ठेवलं.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली.

"रविवारी येतेय ती, आठ दिवस राहायला. तसल्या वासाची बाटली कुठं मिळते बघा," ती म्हणाली. "दोन आणा."