तपासणीची तयारी

माझे मिस्टर हवालदार म्हणून निवृत्त होऊन लाखनीला आले, तेव्हा फौजेतल्या बहुतेक सवयी त्यांनी सोडल्या. एक सुटली नाही. नोकरीत दरवर्षी मेडिकल व्हायचं आणि त्यात कमी पडलं की बढती अडायची. म्हणून तारीख जवळ आली की तंबाखू-सुपारीचा खर्रा, दारू, मीठ बंद करून सगळे पहाटे धावायचे. मेडिकल झालं की पुन्हा सगळं सुरू.

मागच्या वर्षी माजी सैनिकांच्या दवाखान्यात वेगळी तपासणी होती. आज काय दुखतं ते नाही, तर पुढच्या काही वर्षांत हृदयाला धोका किती, याचा अंदाज. वय, रक्त, बीपी, तंबाखू, सगळं धरून डॉक्टर सांगणार होते. यांनी महिनाभर आधीच खर्रा सोडला, भाजीत मीठ नको म्हणाले आणि तलावाच्या पाळीवर फेऱ्या मारू लागले.

मी म्हटलं, "कोणाले फसवून राहिले तुम्ही? आता कोण बढती अडवते?"

"मेडिकल हाये ते. नापास व्हाले जाऊ काय?"

डॉक्टरांनी तंबाखूचं विचारल्यावर ताठ बसून 'नाही, सर' म्हणालो, हे परतताना त्यांनीच हसत सांगितलं. धोका कमी निघाला होता, गोळीही दिली नव्हती. हायवेवरच्या पानठेल्यावर त्यांनी खर्रा घोटून घेतला आणि पास झाल्याचं ठेलेवाल्यालाही सांगितलं. उद्या जाऊन खरं सांगून या, म्हणून मी भांडले. ते गेले नाहीत.

यंदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावरच छातीत कळ आली. भंडाऱ्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यांचं कार्ड जमा करायला मी त्याच दवाखान्यात गेले. तपासणी तर चांगली होती, असं कसं झालं, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी त्यांना यांची तयारी सांगितली. सगळेच असं करतात का, म्हणून त्यांनी विचारलं. बाहेर बसलेत त्यांनाच विचारा, असं म्हणून मी उठले.

बाहेर यांच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार नंबर लावून बसले होते. "वहिनी, मीही महिन्यापासून खर्रा बंद ठेवला हाये," ते म्हणाले. "पास होतो पाहा."

"आत खरं सांगा, भाऊजी. यांनी पास होऊन दाखवलं."

तेवढ्यात त्यांचा पुकारा झाला. त्यांनी शर्ट नीट खोचला, खांदे ताठ केले आणि आत गेले. दार लागलं. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले, पण बाहेर काही ऐकू येत नव्हतं.