ग्रहणाचं पाणी

माझ्या मुलीच्या उजव्या डोळ्याला विटी लागली तेव्हा ती पहिलीत होती. मुलुंडला आमच्या बिल्डिंगमागे तेव्हा मोकळं मैदान होतं, पलीकडे नाहूरच्या अंगाला नुसती शेतं. मोठी मुलं खेळत होती, ही कडेला उभी राहून बघत होती. रक्त फारसं आलं नाही म्हणून आम्हाला हायसं वाटलं. थोड्याच दिवसांत तिच्या बुबुळाच्या मध्ये पांढरट काहीतरी दिसायला लागलं. म्हाताऱ्यांना होतो तो मोतीबिंदू, आणि पोरगी सहा वर्षांची.

ऑपरेशन फोर्टमधल्या एका डॉक्टरांनी केलं. ते विलायतेत शिकून आलेले, बोलायला तुटक, पण हात चांगला असं सगळे सांगायचे. मोतीबिंदू निघाला आणि त्याच्याबरोबर डोळ्याचं स्वतःचं भिंगही गेलं. मग जाडजूड चष्मा दिला. त्यातून एका डोळ्याला मी मोठी दिसायची आणि दुसऱ्याला लहान. "आई, तुम्ही दोघी आहात," असं ती म्हणायची. शेजारपाजारचे हसायचे. मला मेलं हसू येत नव्हतं, कारण जिन्याची पायरी कुठली खरी ते तिला कळत नव्हतं आणि तिचे गुडघे सदा फुटलेले असत.

तेव्हा डॉक्टरांनी कॉन्टॅक्ट लेन्सचं काढलं. हा शब्द मी आयुष्यात प्रथम ऐकला. बाहेरून, बोटीने मागवावी लागेल म्हणाले. आली तेव्हा पाहिली, तर सदऱ्याच्या बटणाएवढं पारदर्शक कवच. हे थेट बुबुळावर बसवायचं. आम्ही घरात त्याला भिंगच म्हणायला लागलो.

"डोळा बरा आहे," डॉक्टर म्हणाले. "पण वापरला नाही तर तो बघायचं विसरून जाईल. या वयात फार लवकर विसरतो. रोज भिंग घालायचं, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची आणि या डोळ्याकडून काम करून घ्यायचं. आता आळस केलात तर नंतर माझ्याकडे येऊन रडू नका."

आळस माझ्या रक्तात नाही. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत होते, साठ-साठ पोरं एका छडीवर गप्प बसवायची मला सवय. मला वाटलं, एक पोरगी ती काय.

सकाळी शाळेत जायच्या आधी मी नखं तपासायची, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची. आदल्या दिवशी मिरच्या चिरल्या असतील तर तो तिखटपणा बोटांतून जात नाही, म्हणून मी मिरच्यांना हात लावायचं सोडून दिलं. पोरीला जमिनीवर उताणी निजवायची, तिचे दोन्ही हात माझ्या गुडघ्यांखाली दाबायची, डाव्या हाताने पापण्या फाकायच्या आणि उजव्या बोटाच्या टोकावर भिंग. ती किंचाळायची. मान इकडून तिकडे झटकायची. भिंग घरंगळून गालावर, कानामागे, कधी सतरंजीवर. मग ते शोधा, उकळून गार केलेल्या पाण्यात धुवा आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा बसलं की डोळ्यातून नुसत्या धारा लागायच्या आणि तास-दीड तास ती डोळा मिटून भिंतीला टेकून बसायची. मी म्हणायची, "उघड. उघड म्हणते ना!" ती उघडायची. माझ्या आवाजाला ती घाबरायची, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण घाबरून का होईना, उघडते ना, मग झालं, असं मी म्हणत असे.

आमचे हे त्या वेळेला नेमके दूध आणायला खाली उतरायचे. सासूबाई मात्र घरातच असत. सासरे गिरणीतून निवृत्त झाल्यावर वारले, त्यानंतर त्या मालवणाकडचं घर बंद करून आमच्याकडे आल्या होत्या. त्या देवापुढे बसल्या बसल्या कानांवर हात ठेवायच्या.

"सोड गे तिका," एकदा म्हणाल्या. "एका डोळ्यान काय माणसां जगनत नाय? चेडवाचे हाल बघवनत नाय माका."

"नाही बघवत तर तिकडे तोंड करा," मी म्हणाले. "उद्या तिला बघायला कोणी आलं आणि 'एक डोळा गेलेली' म्हणून उठून गेलं, तर त्यांना तुम्ही सांगणार का, की माणसं जगतात म्हणून?"

त्यांनी देवाकडे तोंड वळवलं. आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असायचा.

आणि खरंच सांगते, गुण येत होता. दिवाळीत चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधलेली असताना तिने गॅलरीतून समोरच्या दारावरचा आकाशकंदील ओळखला. "हिरवा आहे, आणि शेपटीतली एक पट्टी फाटलीय," म्हणाली. मी खाली जाऊन बघून आले. पट्टी खरंच फाटली होती. त्या दिवशी मी तिला मांडीवर घेऊन इतकी रडले, की तीच घाबरली.

दिवाळीनंतरच्या कार्तिकी अवसेला सूर्यग्रहण होतं. त्याच्या आदल्या दिवसापासून तिचा डोळा लाल झाला होता. असं झालं तर एक-दोन दिवस विश्रांती द्या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून भिंग चांदीच्या छोट्या वाटीत, उकळलेल्या पाण्यात, वर झाकणी ठेवून स्वयंपाकघराच्या फळीवर होतं. ही तिच्या बारशातली वाटी. जागा ठरलेली. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली, असं मी धरून चालले होते.

ग्रहणात कोण कामाला जातं, यावर सकाळी सासूबाईंशी माझं वाजलं. मी गेले. पोरगी लाल डोळ्याने घरी राहिली. ग्रहण सुटल्यावर घरातलं साठवलेलं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची, अंघोळ करायची आणि नळाचं नवं पाणी भरायचं, हा सासूबाईंचा नेम. त्यात त्यांनी कधी खाडा केला नव्हता. मुंबईत पाण्याची मारामार, तरी हंडे ओतायच्या. मी दर वेळी कुरकुर करायची आणि दर वेळी त्या मला न जुमानता मोरी भरून पाणी सोडून द्यायच्या. तेवढं एकच काय ते त्या माझं ऐकत नसत.

मी संध्याकाळी घरी आले तेव्हा लादी ओली होती, हंडे-कळशा चिंचेने लखलखीत घासलेल्या. फळीवर चांदीची वाटी पालथी घातलेली, तीही लखलखीत.

मग मी मोरीकडे धावले. जाळी उचकटली, हात घालून शेवाळ, केस, भाताची शितं बाहेर काढली. ह्यांना ऑफिसातून आल्या आल्या, शर्टसुद्धा न बदलता खाली पिटाळलं. त्यांनी आणि तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी गटाराचं झाकण काढून पिठाच्या चाळणीने तो सगळा काळा गाळ चाळला. अंधार पडेपर्यंत चाळला. काचेचे तुकडे, एक मणी, शिंपला. भिंग पाण्यात असलं तरी दिसत नाही, ते गाळात काय दिसणार?

वर येऊन मी सासूबाईंना जे बोलले ते अख्ख्या मजल्याने ऐकलं. "तुमच्या ग्रहणाने माझ्या पोरीचा डोळा गिळला," इथपासून सुरुवात केली आणि त्यांच्या देवापर्यंत, त्यांच्या गावापर्यंत गेले. पोरगी दाराच्या फळीला चिकटून उभी होती. सासूबाई ओल्या लुगड्याने, हात पोटाशी धरून भिंतीकडे बघत होत्या.

"चुकला माझा," एवढंच म्हणाल्या.

नवं भिंग मागवायचं तर पुन्हा माप, पुन्हा पत्रव्यवहार, पुन्हा बोट. एकदा आलं तेही चुकीच्या मापाचं, ते परत गेलं. दरम्यान मी पट्टी बांधून तिला बसवत राहिले, पण भिंगाशिवाय त्या डोळ्याला धुक्यापलीकडे काय दिसणार! बघता बघता बुबुळ बाहेरच्या बाजूला सरकायला लागलं. माझ्याकडे बघताना तिचा एक डोळा माझ्याकडे आणि एक खिडकीकडे. पुढच्या पावसाळ्यानंतर बरोबर मापाचं भिंग आलं. डॉक्टरांनी ते स्वतः घातलं, चांगला डोळा झाकला आणि बोटं दाखवली. पोरगी बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने माझ्या दिशेने मान वळवली.

"किती म्हणू, आई?" असं विचारलं तिने.

डॉक्टरांनी भिंग काढून घेतलं. आता छळू नका तिला, म्हणाले. येताना बोरीबंदरला मी तिला बर्फाचा गोळा घेऊन दिला आणि तिने तो मजेत खाल्ला. ते मला सहन होईना.

त्यानंतर सासूबाई आमच्यात बारा-तेरा वर्षं होत्या. मी त्यांना जेवायला वाढलं, आजारपणात पाय चेपले, कर्तव्यात कसूर केली नाही. पण बोलायची संधी सोडली नाही. पोरगी ठेचकाळली की बोलायची, तिला शिवणात सुई ओवता आली नाही की बोलायची. तिला बघायला आलेलं पहिलं स्थळ चहा पिऊन गेलं आणि फिरकलं नाही, तेव्हा तर जेवत्या ताटावर बोलले. त्या मान खाली घालून भात कालवत राहायच्या. त्यानंतरच्या कुठल्याच ग्रहणाला त्यांनी तांब्याभर पाणीसुद्धा ओतलं नाही. मी म्हणायची, आता कळून काय उपयोग?

त्या गेल्या. दिवसकार्य आटोपलं, गावाकडची माणसं परतली आणि मी त्यांची लुगडी वाटायला काढून बसले. मुलगी तेव्हा नोकरीला लागली होती. घड्या करता करता मी सवयीने म्हणाले, "चांगली होती म्हातारी, पण तुझा डोळा घालवून बसली."

"आजीने नाही घालवला," ती म्हणाली. "वाटी मी नेऊन दिली होती."

मी हातातलं लुगडं खाली ठेवलं.

"ती हंडे ओतत होती. मी फळीवरून वाटी काढली आणि तिच्या हातात दिली. म्हटलं, आजी, हीपण ओत. तिला वाटलं, कसलंतरी पाणी आहे. तिला लांबचं दिसत नव्हतं तसं जवळचंही कुठे दिसत होतं! मला माहीत होतं आत काय आहे ते. मला फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ते नको होतं, आई."

"मग तिने मला सांगितलं का नाही?"

"तू ओरडत होतीस तेव्हा तिला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं. नंतर मी तिला म्हटलं, मी आईला खरं सांगते. तर म्हणाली, 'आवशीक सांगा नको हां. माका बोलता तर बोलांदे. माका सवय आसा.'"

मुलगी उठून आत गेली. मला पोरीचा राग आला नाही. सात वर्षांचं पोर ते, गुडघ्यांखाली हात दाबून धरलेलं. राग आला तो सासूबाईंचा आणि तो अजून गेलेला नाही. एकदा, फक्त एकदा, तोंड उघडून मला "गप्प बस गे" म्हणायला हवं होतं त्यांनी. मी गप्प बसले असते की नाही, ते मात्र मला सांगता येत नाही, आणि त्यांना त्याचं उत्तर ठाऊक होतं.