बिनराघूचं बाशिंग

एरवी मासे धरणारा पोचूभाऊ तलाव आटला की लोकांच्या लग्नांच्या कामाला लागायचा. शिंदीची कोवळी पानं चिरून, मुडपून तो नवरदेवांची बाशिंगं विणायचा आणि कपाळावर बरोबर मधोमध पानाचाच एक राघू बसवायचा. राजुऱ्याच्या आसपास त्याच्या हातच्या बाशिंगाशिवाय वरात निघत नसे. पोचूचं बाशिंग बांधलेला संसार मोडत नाही, असं बायका म्हणायच्या. नवऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात राजुऱ्याची पार्लरवाली रुपाली त्याच्या अंगणात आली. चंद्रपूरला उन्हाळी फॅशनचा कार्यक्रम होता आणि पोरींच्या डोक्यावर घालायला तिला अशीच बाशिंगं हवी होती. पोचूनं पहिलं पान हातात घेतलं आणि नवरदेवाचं नाव विचारलं. नाव घेतल्याशिवाय त्याची पहिली घडी पडत नसे. नवरदेव नाही म्हटल्यावर त्यानं नवरीचं विचारलं. तीही नव्हती.

"मंग लगन कोणाचं होय, बाई?"

"लगन नाई, भाऊ. ऊन हाय."

उन्हासाठी लोक दुपट्टा बांधतात हे पोचूला माहीत होतं. बाशिंग बांधतात हे नवीन होतं. बायको धुरपता म्हणाली, डोक्यावर टोपलं घेतलं तरी सावली पडते, द्या करून. तिचं काय जात होतं? बाशिंगं अशी वाटेल त्याच्या डोक्यावर चढली आणि उद्या एखादा संसार फिसकटला, तर बोट पोचूच्या हाताकडेच दाखवलं जाणार होतं. बराच वेळ डोकं खाजवून त्यानं तोडगा काढला. राघू बसवायचाच नाही. राघू नाही म्हणजे बाशिंग नाही, नुसती सावली. रुपालीनं त्या रिकाम्या जागी कागदी फुलं चिकटवली आणि विषय मिटला.

मिटला असता. पण कार्यक्रमाचा फोटो पेपरात आला आणि तो कापून खिशात घालून गावातल्या लटारूभाऊचा पोरगा गोपाल पोचूच्या दारात उभा राहिला. अक्षय तृतीयेला त्याचं लग्न होतं. मागोमाग त्याची आई रुखमाबाई धापा टाकत आली.

"मले असंच पायजे," गोपालनं फोटोवर बोट ठेवलं. "राघू लावला का दोस्त मले पोपट म्हणतीन."

"राघूबिगर लगन लागते का, भाऊ?" रुखमाबाईनं विचारलं. "तुमीच सांगा याले."

पोचूला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. बाप बसवायचा म्हणून तो बसवायचा. नाही लागत म्हणावं, तर पोरगा उघड्या डोक्यानं मांडवात जायला तयार होता. लागतं म्हणावं, तर इतकी वर्षं राघू बसवले ते कशाला? तो चाचरत म्हणाला की हे बाशिंग नव्हे, सावली आहे.

"मंग सावली द्या," गोपाल म्हणाला.

पोचूनं जन्मापासून माहीत असलेलं गोपालचं नाव पुन्हा विचारून घेतलं आणि पहिली घडी घातली.

लग्नात सगळे अक्षता टाकत होते. पोचू मात्र मूठ आवळून नवरदेवाच्या कपाळाकडे बघत होता. आता काही होईल, मग होईल. अंतरपाट सरकला, माळा पडल्या, बँडवाल्यानं सूरही चुकवला नाही. दर लग्नात रुसणारा गोपालचा मामा यंदा हसत होता. काही बिघडलं असतं तर राघू कशाला असतो ते पोचूला निदान कळलं तरी असतं.

पंगतीत रुखमाबाई वाढायला आली आणि त्याच्यापाशी वाकून हळूच म्हणाली, "भाऊ, लागलं ना लगन?"

पोचूनं मांडवाकडे पाहिलं. गोपाल नवरीला घास भरवत होता, बाशिंग एका कानावर कलंडलं होतं.

"लागल्यावानी दिसते, बाई," तो म्हणाला आणि गडबडीत भात मागितला. पत्रावळीवरचा भात तसाच होता.