लायबाईंचे पाऊण गुण

लायबाई आमच्या नदीकाठच्या शाळेत एकतीस वर्षं भाषा शिकवत होत्या आणि त्यातली चोवीस वर्षं मी शेजारच्या वर्गात गणित. मध्ये नुसत्या फळ्यांची भिंत, त्यामुळे त्यांचा प्रत्येक तास मी फुकटात ऐकला. नववीला एक जुनी कादंबरी असते, पुरात घर वाहून गेलेल्या कुळाच्या बायकोची. ती बाई रोज संध्याकाळी चटईवर माणसांपेक्षा एक वाडगा जास्त मांडते आणि तो रिकामाच ठेवते. लायबाई विचारायच्या, रिकामा वाडगा म्हणजे काय, आणि चाळीस पोरं एका सुरात ओरडायची, भूक. नदी म्हणजे काळ, तुटकं वल्हं म्हणजे हरलेला माणूस, वाडगा म्हणजे भूक. माझ्या पोरांचे पाढे चुकायचे, त्यांच्या पोरांचं हे कधी चुकलं नाही.

मी चिडवायचो, बाई, तुमच्या गोष्टीत वाडगा म्हणजे नुसता वाडगा कधी असतो का? त्या म्हणायच्या, तुमचा क्ष तरी कधी नुसता क्ष असतो का?

त्यांचा दोष नव्हता. उत्तरसूची वरून यायची, प्रत्येक मुद्द्याला पाव गुण. सूचीत नसलेल्या मुद्द्याला शून्य. बाईंना नवरा नव्हता, मूल नव्हतं, शाळेमागे दोन खोल्या होत्या आणि आमची चिखलातली पोरं पाव-पाव गुण गोळा करून बाहेर पडतील ही एक श्रद्धा होती. त्या श्रद्धेपायी त्यांनी स्वतःची आवड कधीच गुंडाळून ठेवली होती. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

एका वर्षी त्यांच्या वर्गात न्येन नावाची मुलगी होती. तिचा बाप मासेमारीच्या होडीवर होता. वादळात होडी गेली, माणसं सापडली नाहीत. प्रेत नाही म्हणून श्राद्धाची तिथी नाही, घरच्या देव्हाऱ्यात फोटोही नाही. न्येनची आई, साउ मावशी, रोज जेवताना त्याचा वाडगा आणि जेवायच्या काड्या मांडायची. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी काही बोलायचं नाही.

सहामाहीत न्येननं लिहिलं, 'रिकामा वाडगा म्हणजे भूक नाही. भूक असती तर तिनं वाडगा कमी केला असता, वाढवला नसता. आमच्या घरीही असा एक आहे. तो रोज धुतलेला असतो, कारण येणाऱ्याला कोणी उष्टा वाडगा देत नाही.'

बाईंनी ते मला शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. मग डोळे पुसले, लाल पेन उचललं, तिन्ही ओळींवर रेघ मारली आणि कडेला लिहिलं, रिकामा वाडगा म्हणजे भूक, पाठ करणे. पाऊण गुण गेले.

"द्या की हो," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"आज मी दिले, तर प्रांताच्या परीक्षेत तिला कोण देणार? सवय लागायच्या आत तोडलेली बरी."

महिन्याभरानं पत्र आलं. प्रांताच्या मोठ्या शाळेत एक जागा होती, राहणं-खाणं फुकट, आणि नाव सहामाहीच्या गुणांवर पाठवायचं होतं. न्येन पाव गुणानं मागे राहिली. औषधाच्या दुकानदाराचा मुलगा गेला. दोन वर्षांनी न्येन शहरात बुटांच्या कारखान्यात लागली.

आमच्याकडे नववर्षाचा तिसरा दिवस शिक्षकांचा. जुनी पोरं केळीच्या पानातला भात घेऊन येतात, चहा पितात, आपापली बढाई मारतात. बाईंकडे तर ओटीवर चपला मावायच्या नाहीत. न्येन कधी आली नाही. दर वर्षी गर्दी पांगली की बाई एवढंच विचारायच्या, तुमच्याकडे आली होती का हो? मी नाही म्हणायचो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या नववर्षाला त्या म्हणाल्या, सर, तिसऱ्या दिवशी मला साउ मावशीकडे घेऊन चला. मी म्हटलं, शिक्षकानं विद्यार्थ्याच्या दारी जायचं? लोक हसतील. त्या म्हणाल्या, हसू देत.

पिशवीतून त्यांनी न्येनची ती उत्तरपत्रिका आणली होती. सोळा वर्षं ट्रंकेत जपलेली. जुना आकडा खोडून त्यांनी पाऊण गुण वाढवले होते आणि खाली सही केली होती.

न्येन सणाला घरी आली होती. डिंकानं बोटांची टोकं जाड झालेली. तिनं पान वाचलं आणि हसली.

"बाई, हे मी लिहिलं होतं? मला तर आठवतही नाही."

"मला पाठ आहे," बाई म्हणाल्या. "तू बरोबर होतीस. ते सांगायला आले."

न्येननं कागदाची नीट घडी घातली. "मग माझ्यानंतरच्या मुलांना काय शिकवलंत?"

बाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. "भूक," त्या म्हणाल्या.

न्येननं मान डोलावली. त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "बरंच केलंत. त्यांचे गुण गेले असते."

साउ मावशीनं जेवायला बसवलं. कारल्याचं सार, शहाळ्याच्या पाण्यात शिजवलेली अंडी. आम्ही चौघं आणि चटईवर चार वाडगे. बाईंनी दोनदा मोजले, मला दिसलं. मग त्यांनी हळूच विचारलं, न्येनच्या वडिलांचा कुठे आहे?

"तो होय?" मावशी भात वाढता वाढता म्हणाली. "तो बंद केला त्याच वर्षी. पोरीनं पेपर माझा अंगठा घेऊन परत द्यायला आणला होता, मला कुठं वाचता येतं, मीच विचारलं बाईंनी लाल काय लिहिलंय. म्हटलं, एवढी शिकलेली बाई सांगते तर खरंच असणार. मी येडी रोज घरात भूक मांडून ठेवत होते. दिवस फिरणार कसे? त्याच दिवशी उचलला. आता त्यात कोंबड्यांना पाणी ठेवते."

बाई उठल्या. परसात जाऊन त्यांनी पाणी ओतून दिलं, रांजणाशी बसून वाडगा घासला, सणाच्या नव्या कपड्यानं पुसला आणि आणून चटईवर पाचवा ठेवला.

साउ मावशीनं तो दोन्ही हातांनी उचलून मागे सरकवला.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "सोळा वर्षं त्याचं पान मांडलं नाही. आता कोणत्या तोंडानं बोलावू?"

सार निवेपर्यंत कोणी काड्या उचलल्या नाहीत.