खटखट थांबली म्हणून गाडी बरी झाली नाही

पाली गावातल्या आणि बाहेरच्या सगळ्यांनो, आज सकाळचंच सांगते.

आमच्या जुन्या गाडीचं पुढचं डावं चाक महिनाभर खड्ड्यात खटखट करत होतं. माझा मुलगा आंतोन होडीला बर्फ द्यायला ती रेतीत घालतो, खारं पाणी खालून लोखंड खातं. काल त्यानं चाकामागच्या सांध्यावर जुनं ऑइल ओतलं. आज आवाज गायब.

"बघ आये, बरी झाली. आता पोरांना लग्नाला नेतो."

मी म्हटलं, "मेलेला माणूसपण कण्हत न्हाय. जॅक लाव."

तोंड वाकडं करून लावला. चाक वर-खाली धरून हलवलं, तर पडायला आलेल्या दातासारखं डुगडुगलं. चाकाला धरून ठेवणारा बॉल जॉइंट संपलाय. लग्नाला जाताना उत्तनच्या उतारावर चाक निखळलं असतं, आणि आत माझी नातवंडं.

तरी म्हणतो, "आजचा दिवस चालंल गं."

चावी माझ्या मासळीच्या पाटीत आहे, बर्फाखाली. पोरं नटून ओट्यावर बसलीत. आंतोन घरभर शोधतोय, मला नावं ठेवतोय. ठेवू दे.

तुमची खटखटणारी गाडी आज अचानक गप्प झालीय का? मग तिच्यात कुणाला बसवताय?