आमच्या टोल्याची दोन सभागृहं

आमच्या सभेचे किस्से मोहफुलासारखे हायेत. सकाळी झाडाखालचे सारे वेचून आणा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच पडलेले!

त्या साली आमच्या टोल्यात, म्हणजे या छोट्या वस्तीत, एकच सवाल होता. नाल्याकाठची मोहाची झाडं तोडून तिथं बाजाराचे ओटे बांधायचे का? फुलं वेचणाऱ्या आम्ही बाया. झाडं गेली तर आमचा आधार गेला.

आमच्याकडं ग्रामसभेच्या आधी बायांची महिला सभा भरते. माझी नात मंगला गडचिरोलीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आजी, दिल्लीतबी दोन सभा हायेत. लोकसभा आन् राज्यसभा. कायदा दोघींतून पास व्हावं लागते."

आमच्या महिला सभेची प्रमुख जनीबाई लगेच म्हणाली, "म्हंजे दिल्लीवाल्यायनं आपलं पाहूनच केलं!"

*

मंगलानं सांगितलं, राज्यसभा म्हणजे वरचं सभागृह.

शेजारची कौसाबाई गुडघे चोळत म्हणाली, "मंग मी खालच्याच सभेत बरी. मले जिना चढवत नाई!"

मंगला हसली. म्हणाली, लोकसभा पाच वर्षांनी नवी निवडतात, पण राज्यसभा कधीच बरखास्त होत नाई. दर दोन वर्षांनी तिच्यातले एक तृतीयांश लोक जातात, त्यांच्या जागी नवे येतात.

जनीबाई म्हणाली, "आपल्या चुलीसारखं. एक लाकूड जळलं का दुसरं सारायचं. मंग इस्तो इझतच नाई!"

बाई शाळेत नाई गेली, पण डोकं पाहा!

*

राज्यसभेच्या प्रमुखाले सभापती म्हणतात, आणि उपराष्ट्रपतीच तिथं सभापती असतो. हे ऐकून आमच्या बायांनी हौसेनं फळ्यावर लिहून घेतलं, 'सभापती, जनीबाई'.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर जनीबाईचा नवरा लच्चूभाऊ धुतलेलं धोतर नेसून खुर्चीत बसलेला!

"काऊन जी, तुमी इथी?" जनीबाईनं विचारलं.

"लिवलं हाये ना! सभेचा पती. माह्याशिवाय दुसरा कोन असन?"

"असं का? मंग आज जेवालेबी सभेच्याच घरी जा!"

खुर्ची तेव्हाच रिकामी झाली.

*

लोकसभेच्या अध्यक्षाले स्पीकर म्हणतात. सदस्य आपल्यातूनच त्याले निवडतात.

कौसाबाई म्हणाली, "स्पीकर? मंग तो लय बोंबलत असन!"

"नाई वो आजी," मंगला म्हणाली. "तो दुसऱ्यायले बोलू देते, गोंधळ झाला तं बसवते."

जनीबाईचा आवाज नाल्यापल्याड जाणारा. पण त्या दिवशी महिला सभेत ती सभाभर तोंडात सुपारी धरून गप्प बसली. मग कधी न बोलणारी रैनूबाईसुद्धा उठली आणि झाडं तोडू नका म्हणून खणखणीत बोलली. साऱ्या बायांनी हात वर केले.

सभा संपल्यावर कौसाबाईनं जनीबाईच्या कपाळाले हात लावला. "ताप तं नाई ना वो तुले?"

*

मग आली मोठी ग्रामसभा, बाया-माणसं साऱ्यांची. सरपंच आजारी, म्हणून लोकांनी जनीबाईलेच अध्यक्ष केलं. हात मोजले. झाडं ठेवणारे आणि ओटे मागणारे बरोबर सारखे! ओट्यांच्या बाजूनं लच्चूभाऊचा हात सर्वांत उंच. त्याले तिथं पानठेला टाकायचा होता.

मंगला म्हणाली, "दिल्लीत अध्यक्ष एरवी मत देत नाई. पन मतं सारखी पडली तं त्याचंच मत शेवटचं."

जनीबाई उभी राहिली. नवऱ्याकडं पाहिलं. तिचा हात पदरातून निघाला नाई.

लच्चूभाऊनं आपला हात हळूच खाली घेतला.

"पुन्हा मोजा," तो म्हणाला. "अध्यक्षाले कायले तरास देता?"