भोकाचा पैसा

अमेरिकेत, शुगर लँडमधल्या आमच्या शेजारच्या मीनाक्षीकाकूंना त्यांच्या विहीणबाई डोळ्यांसमोर नकोत. विहीणबाई बेल्जियमच्या, बोलणं सगळं फ्रेंच. या खेपेला त्यांनी सहा वर्षांच्या नातीसाठी, रेवासाठी, जुनं पाच सांतीमचं नाणं आणलं. मधोमध भोक, त्यात लाल रिबन. अहो, अख्खा फ्रँक तरी आणायचा! सांतीम म्हणजे त्याचा शंभरावा हिस्सा, आणि आता तर तो चालतही नाही. पण रेवा ते गळ्यातून काढेना. वर काकूंचा मुलगा शंतनू फोटो काढत म्हणाला, "किती युनिक आहे ना, आई?"

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. रेवाच्या बारशाला त्यांनी आजेसासूबाईंचा भोकाचा पैसा आणला होता, तिच्या कमरेच्या करदोट्यात ओवायला. तेव्हा हाच शंतनू म्हणाला होता, "प्लीज आई, बाळ गिळेल ते. कॅन्सल कर."

काकूंनी तडक चष्म्याच्या केसमधून तो पैसा काढला. "हे बघ, माझ्याकडेपण आहे. आणि माझ्या पैशाचं भोक मोठं आहे!"

रेवानं तो बोटात घातला. अगदी अंगठीसारखा बसला.

"आजी, धिस इज सो मच बेटर!"

सहा वर्षांनी काकूंचा जीव थंडावला. "मग आता ते गळ्यातलं काढून ठेव हं," त्या म्हणाल्या.

पण रेवा ऐकायला थांबलीच नव्हती. नवी अंगठी दाखवायला ती धावत सुटली होती, थेट विहीणबाईंच्या खोलीकडे.